पडद्यापुढील व्यायाम

व्हिडिओ गेम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मुलगा कोचावर लोळला आहे, त्याचे दोन अंगठे तेवढे हालत आहेत, आणि आई स्वयंपाकघरांतून तिसऱ्यांदा त्याला जेवावयास बोलावीत आहे. असल्या खेळानें शरीर कमावतां येतें असें कोणीं सांगितल्यास आपण त्यास हंसूं. परंतु गेल्या चाळीस वर्षांत या खेळांची एक निराळी जात निपजली आहे. तींत अंगठ्यांवर भागत नाहीं. उभें राहावें लागतें, वांकावें लागतें, पाय उचलावे लागतात, व कधीं कधीं चांगला घामहि येतो. या खेळांतला व्यायाम किती खरा आणि किती देखावा, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. शहरांतल्या पांचव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला खालीं मैदान नसतें. असलेंच तर तेथें मोटारी उभ्या असतात. गुडघे धरलेल्या आजीबाई पावसाळ्यांत निसरड्या रस्त्यावर पाऊल टाकावयास भितात, व त्यांचें भिणें योग्यच असतें. २०२० सालच्या साथींत तर साऱ्या जगालाच घरांत कोंडून घ्यावें लागलें. त्या वेळीं एका जपानी व्यायाम-खेळाला इतकी मागणी आली कीं, तो दुकानांतून दिसेनासा झाला व मूळ किंमतीहून कितीतरी अधिक दामानें विकला गेला. त्या खेळाकडे पुढें येऊंच.

घरांत एकट्यानें करावयाचा व्यायाम बहुधा कंटाळ्यापायीं सुटतो. दिवाळीनंतर थंडी पडली कीं पुष्कळजण संकल्प करतात. सतरंजी अंथरली जाते, दहाबारा दिवस दंडबैठका होतात, आणि पुढें ती सतरंजी गुंडाळून कोपऱ्यांत उभी राहते. आमच्या तालमींतून असें सहसा होत नसे. तेथें उस्ताद होता, शेजारीं जोर काढणारा सोबती होता, आणि कालच्यापेक्षां आज दहा जोर अधिक निघाले हें पाहणारे दुसरे डोळे होते. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेव्हां तो आपल्या संस्थानांतील शाळांत नेला, यांतहि मला तेंच व्यवहारज्ञान दिसतें. चौघांत माणूस अंग हालवितो, एकट्यानें टाळाटाळ करतो. पडद्यावरील व्यायाम-खेळ या हरवलेल्या सोबत्याची व उस्तादाची जागा घेऊं पाहतात. ते गुण देतात, शाबासकी देतात, कालचा आंकडा आजच्या आंकड्याशेजारीं मांडतात, आणि संगीताच्या तालावर नेतात.

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच व्यायामाच्या सायकलीला खेळयंत्र जोडण्याचा घाट घातला होता. पण ती वस्तु बाजारांत आलीच नाहीं. १९८६ सालीं जपानांत बंदाई कंपनीनें पायांनीं खेळावयाची एक चटई काढली. पायांच्या या खेळाला खरी लोकप्रियता मिळाली ती १९९८ सालीं, कोनामी कंपनीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ या खेळानें. पडद्यावर खालून वर बाण सरकतात, आणि गाण्याच्या ठेक्यावर त्या त्या दिशेच्या चौकोनावर पाय पडावा लागतो. पुढें त्याची घरीं अंथरावयाची चटईहि निघाली. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें २००६ सालीं हा खेळ आपल्या सरकारी शाळांच्या व्यायामतासांत आणण्याचें ठरविलें, ही गोष्ट मास्तर या नात्यानें मला विशेष वाटते. प्रत्येक वर्गांत चेंडूला भिणारीं, संघ निवडतांना शेवटीं उरणारीं कांहीं मुलें असतातच. त्यांना इतरांच्या देखत हरण्याची भीति नसलेली अशी एखादी हालचाल मिळाली, तर तीं मनापासून नाचतात.

त्यानंतरचा टप्पा निन्टेंडोचा. ही क्योटोची कंपनी १८८९ सालापासूनची, व तिचा मूळ धंदा पत्ते बनविण्याचा. बसून खेळावयाच्या पत्त्यांपासून आरंभ केलेल्या घराण्यानें शेवटीं लोकांना उभें करावें, ही मौजच आहे. २००६ च्या अखेरीस तिनें ‘वी’ नांवाचें यंत्र काढलें. त्याची हातांत धरावयाची दांडी हवेंत फिरविली कीं पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरे. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ‘वी फिट’ आला. त्यांत एक पांढरी फळी होती व तिच्यावर उभें राहून तोल सांवरण्याचे, योगासनांचे व पावलें टाकण्याचे खेळ होते. शिगेरू मियामोतो या तिच्या प्रसिद्ध खेळकारानें आपण घरीं रोज वजन करून त्याचा आलेख काढीत असूं, त्यांतून ही कल्पना सुचली असें सांगितलें आहे. ‘वी फिट’च्या दोन कोटींहून अधिक प्रती जगांत खपल्या. २०१० च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें ‘किनेक्ट’ काढला. त्यांत हातीं कांहींच धरावें लागत नसे. आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत निन्टेंडोचाच ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ निघाला. साथींत दुर्मिळ झाला तो हाच.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. या यंत्रांना आपली हालचाल दिसते ती कशी? हें समजलें म्हणजे व्यायाम खरा कीं खोटा याचें अर्धें उत्तर मिळतें.

वीच्या दांडींत एक बारीकसा घटक असतो. दांडीला हिसका बसला, तिचा वेग वाढला वा घटला, कीं तो तें ओळखतो. शिवाय दांडीच्या टोकाशीं एक लहान कॅमेरा असतो. दूरचित्रवाणीजवळ ठेवलेल्या पट्टींतील अदृश्य दिवे त्याला दिसतात, आणि त्यांवरून दांडी कोणीकडे रोखली आहे हें यंत्राला कळतें. बस्स, एवढेंच. तुमची कंबर वळली कीं नाहीं, गुडघे वांकले कीं नाहींत, तुम्ही उभे आहांत कीं लोडाला टेकून बसलां आहांत, यांतलें कांहींहि दांडीला ठाऊक नसतें. पूर्ण बाहु फिरवून मारलेला टोला आणि मनगटाची नुसती फिरकी तिला सारखीच वाटते. चलाख मुलाला हें पहिल्या अर्ध्या तासांत उमगतें. मग तो कोचावर बसून, मनगट झटकून, उभ्यानें खेळणाऱ्या आपल्या बापाला हरवितो!

मी कवाईतीचा तास घेत असें तेव्हां मागल्या रांगेंत नेमकीं असलींच मुलें उभीं असत. पुढून पाहिलें तर हात वर गेलेले दिसत. बाजूनें जाऊन पाहावें तों कोपरापासून खालचा भाग तेवढा हाललेला. ‘एक-दोन’ च्या आरोळीला हजेरी लागे, आणि अंगाला कांहींच लागत नसे. यंत्र हें केवळ पुढून पाहणारा मास्तर आहे. गुण मिळाले म्हणजे व्यायाम झाला असें समजणारा खेळाडू त्या मागल्या रांगेंतला होय.

प्रत्येक यंत्राची नजर निराळी आहे. वी फिटच्या फळीखालीं चार कोपऱ्यांशीं चार वजनमापक असतात. चारांवर पडलेल्या भाराच्या फरकावरून शरीराचा तोल कोणत्या बाजूस झुकला आहे हें ती सांगते. हात वर आहेत कीं खालीं, हें मात्र तिला कळत नाहीं. किनेक्ट खोलींत अदृश्य ठिपक्यांचें जाळें फेंकून अंतर मोजी व शरीराचे वीस सांधे ओळखी. पूर्ण शरीर पाहणारें असें यंत्र तेंच. परंतु त्याला पुढें सहा फूट मोकळी जागा लागे, ती आमच्या दिवाणखान्यांतून कोठून काढावयाची? २०१७ सालीं त्याची निर्मितीहि थांबली. रिंग फिटमध्यें एक लवचिक कडें दोन्ही हातांत धरावयाचें असतें. तें दाबलें वा ताणलें कीं आंतील मापकाला जोर कळतो. दुसरा घटक पट्ट्यानें डाव्या मांडीला बांधावयाचा असतो, त्यामुळें धांवणें व बैठक यंत्राला दिसतात. येथें फसवणूक अवघड आहे, कारण कडें दाबल्याशिवाय दाबलें जात नाहीं, आणि मांडी आडवी झाल्याशिवाय बैठक मोजली जात नाहीं. माझ्या मुलीच्या घरीं हा खेळ आहे व सुटींत नातवंडांबरोबर मीहि तो खेळलों आहें. पंचवीस मिनिटांनीं बनियन भिजलें, आणि दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना मांड्यांनीं आपली साक्ष दिली.

पण एकट्याच्या मांड्यांची साक्ष पुरेशी नव्हे. मोजमाप करणाऱ्यांनीं काय पाहिलें तें पाहूं. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींना वीवरील बोलिंग, टेनिस व मुष्टियुद्ध हे खेळ खेळवून त्यांच्या शरीराचा शक्तिव्यय मोजला गेला. निष्कर्ष २००७ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाले. बसून खेळावयाच्या खेळापेक्षां तो निदान ५१ टक्क्यांनीं अधिक भरला. वर्तमानपत्रांनीं हा आंकडा उचलला. पण त्याच निबंधांत पुढें असेंहि आहे कीं, खऱ्या मैदानावरील त्याच खेळांची सर या खेळांना येत नाहीं, आणि मुलांनीं आठवडाभर बैठ्या खेळांऐवजीं हेच खेळ खेळले तरी एकूण शक्तिव्ययांत दोन टक्क्यांहूनहि कमी भर पडेल. जपानांत बारा प्रौढांना वी स्पोर्ट्स व वी फिट यांतील ६८ प्रकार हवाबंद खोलींत करावयास लावून त्यांचा श्वास मोजला. त्याचा निष्कर्ष २०१० सालीं आला. सुमारें दोन तृतीयांश प्रकार हलके ठरले, एक तृतीयांश मध्यम, आणि जोरदार म्हणावा असा एकहि नाहीं. वी स्पोर्ट्सच्या खेळांत मुष्टियुद्ध वरच्या क्रमांकास, गोल्फ तळाशीं.

याहून विचार करावयास लावणारा प्रयोग अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरांत झाला व २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. ९ ते १२ वर्षांच्या मुलांचे गट करून सर्वांच्या घरीं वी देण्यांत आला. कांहींना हालचालीचे खेळ दिले, कांहींना बैठे. किती वेळ खेळा असें कोणालाच सांगितलें नाहीं. जसें घरोघरीं होतें तसेंच होऊं दिलें. हालचाल मोजणारें यंत्र मुलांच्या अंगावर बांधून तेरा आठवडे पाहिलें. हालचालीचे खेळ मिळालेलीं मुलें इतरांहून अधिक हालतीं झालीं, असें कोणत्याहि आठवड्यांत आढळलें नाहीं. खेळतांना मुलांची शक्ति खर्चते हें लिव्हरपूलनें दाखविलें; यंत्र नुसतें घरांत आणून ठेवल्यानें मूल चळवळें होत नाहीं हें ह्यूस्टननें दाखविलें. दोन्हीं खरीं आहेत. वाढदिवसाला यंत्र देऊन आपलें कर्तव्य झालें असें समजणाऱ्या पालकांनीं दुसरी गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. मुलाला वेळ नेमून द्यावी, आणि शक्य तर आपणहि शेजारीं उभें राहून खेळावें. बापाला हरविण्याची हौस मुलाला कोणत्याहि गुणांपेक्षां अधिक हालविते.

माझ्या मतें या खेळांचें खरें सोनें मुलांच्या वाट्याला नसून म्हाताऱ्यांच्या वाट्याला आहे. बारा वर्षांच्या मुलाला जें हलकें वाटतें तें सत्तरीच्या माणसाला पुरेसें असतें. उतारवयांत पडणें हें मोठें संकट. खुब्याचें हाड मोडलें कीं कित्येकांचें पुढचें सारें आयुष्य अंथरुणांत जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनांत पासष्टीनंतरच्या माणसांनीं आठवड्यांतून तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ वाढविणारी हालचाल करावी असें मुद्दाम सांगितलें आहे. तोल सांवरण्याचा व्यायाम एरव्हीं फार रुक्ष. भिंतीला हात टेकून एका पायावर उभें राहावयाचें, व मनांत वीस मोजावयाचे. तेंच फळीवर उभें राहून, पडद्यावरचा चेंडू भोकांत घालण्यासाठीं शरीराचा भार डावीउजवीकडे नेला, कीं वीस मिनिटें कशीं गेलीं कळत नाहीं. ही फळी खेळण्यासारखी दिसली तरी तिचें माप कच्चें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं प्रयोगशाळेंतील महागड्या उपकरणाशीं तिची तुलना केली, व उभ्या माणसाचा तोल मोजण्याच्या कामीं ती विश्वासार्ह असल्याचें २०१० सालीं दाखविलें. त्यानंतर पुष्कळ ठिकाणीं रुग्णांना पुन्हां उभें करण्याच्या कामीं तिचा उपयोग केला गेला. अमेरिकेच्या वृद्धनिवासांतून तर वीवरील बोलिंगचे सामने रंगत. जड चेंडू उचलण्याची ताकद राहिली नाहीं, पण हात मागें नेऊन पुढें सोडण्याची जुनी संवय अंगांत आहे, अशांना तो आनंद पुन्हां मिळाला.

मात्र वृद्धांनीं प्रथम शेजारीं भक्कम खुर्ची वा टेबल ठेवून मगच फळीवर चढावें, आणि घरांत कोणी असतांनाच. रक्तदाब, हृदयविकार किंवा भोंवळ असल्यास आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें. ज्यांना फेंफरें येतें त्यांना पडद्यावरील लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा त्रास होऊं शकतो; तशी सूचना खेळांबरोबर छापलेली असते, व ती वाचण्यासाठींच असते.

तरुणांना धोका अतिरेकाचा. स्पेनमधील एका एकोणतीस वर्षांच्या डॉक्टरानें वीवरील टेनिस कित्येक तास खेळून स्वतःचा खांदा धरवून घेतला, आणि त्या दुखण्याला यंत्राच्याच नांवावरून नांव देऊन २००७ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत तें छापविलें. खऱ्या टेनिसांत चेंडू आणावयास जावें लागतें, दम लागतो, ऊन लागतें. शरीर आपोआप थांबतें. पडद्यापुढें थांबविणारें कांहीं नसतें. दांड्या हातांतून निसटून दूरचित्रवाणीवर आदळण्याचे प्रकारहि आरंभीं इतके झाले कीं, कंपनीला २००६ च्या डिसेंबरांत बत्तीस लक्ष मनगटपट्टे बदलून द्यावे लागले. पट्टा मनगटांत अडकविल्याशिवाय दांडी हातीं घेऊं नये.

डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र चढवून खेळावयाचे नवे खेळ आहेत. त्यांतील ‘बीट सेबर’ हा २०१८ पासूनचा. तालावर समोर येणारे ठोकळे दोन्ही हातांतील तरवारींनीं कापावयाचे. घाम चांगला येतो. पण भोंवतालची खोली दिसत नाहीं, आणि कपाटाचा कोपरा तर जागचा हालत नाहीं. लहान घरांत मी तो सुचविणार नाहीं.

आपला व्यायाम मध्यम झाला कीं हलका, हें कळण्यास यंत्राची गरज नाहीं. खेळतांना बोलतां येतें पण गाणें म्हणतां येत नाहीं, अशी स्थिति असली कीं तो मध्यम समजावा. गाणें सहज म्हणतां येत असेल तर अजून हातपाय चोरले जात आहेत. प्रौढांना आठवड्यास अशीं १५० ते ३०० मिनिटें हवीं, आणि मुलांना दिवसास सरासरी ६०. पडद्यापुढची वीस मिनिटें या हिशेबांत धरावयास हरकत नाहीं. उरलेलीं चालण्यानें भरावीं.

चाळींत वा इमारतींत राहणाऱ्यांस आणखी एक अडचण येते, ती खालच्या बिऱ्हाडाची. रिंग फिटच्या कर्त्यांनीं तिचा विचार केलेला दिसतो. त्यांत एक निःशब्द पद्धति आहे, तींत धांवण्याऐवजीं जागच्या जागीं गुडघे किंचित् लववून पडद्यावरचा गडी पुढें नेतां येतो. अशा वेळीं मांड्यांना अधिक काम पडतें, हा माझा अनुभव.

खर्चाविषयीं शेवटीं सांगतों, कारण पत्रांतून तोच प्रश्न अधिक येतो. महाग यंत्र न घेतांहि आरंभ करतां येतो. ‘जस्ट डान्स नाऊ’ हा नाचाचा खेळ संगणकाच्या पडद्यावर चालतो, व साधा स्मार्टफोन हातांत धरला कीं तोच आपली हालचाल मोजतो. मात्र तो मोजतो फोन धरलेल्या हाताची. पाय व कंबर यांची हजेरी ज्याची त्यानें घ्यावयाची. वीचें यंत्र आतां नवें निघत नाहीं; तें जुन्या मालाच्या बाजारांतच शोधावें लागतें. आजीआजोबांसाठीं त्याची फळी घ्यावयाची असेल, तर दुकानदाराला ती यंत्राला जोडून दाखवावयास सांगावें, तिच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनें हात दाबावा, आणि पडद्यावरचा ठिपका त्या त्या बाजूस सरकतो कीं नाहीं तें पाहून मगच पैसे द्यावे.